बी ऑर्किडची बदलती रूपं कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की माझ्या फोनवर फुलांचे फोटो यायला लागतात. कुणी सायप्रसहून, कुणी सिसिलीहून, कुणी पोर्तुगालच्या दक्षिण टोकावरून. बहुतेक जण नोकरी-शिक्षणानिमित्त तिकडे राहणारे मराठी लोक, बाकीचे सुट्टीत फिरायला गेलेले. प्रश्न साधारण एकच असतो: "हे बी ऑर्किडच आहे ना? पण पुस्तकातल्यासारखं का दिसत नाही?" मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिएजवळ राहते आणि दर वसंतात चुनखडीच्या माळांवर हे फूल शोधत हिंडते. एकेकाला उत्तरं देत बसण्यापेक्षा ती एकदाच नीट लिहून काढावीत, म्हणून हे पान.

बी ऑर्किड म्हणजे नेमकं कोणतं?

इंग्रजीत 'बी' म्हणजे मधमाशी. शास्त्रीय नाव ओफ्रिस एपिफेरा. १७६२ साली विल्यम हडसन या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. 'ओफ्रिस' म्हणजे ग्रीकमध्ये भुवई आणि 'एपिफेरा' म्हणजे लॅटिनमध्ये मधमाशी वाहणारी. फ्रेंच लोक याला ओफ्रिस अबेय म्हणतात, स्पॅनिश लोक अबेहेरा. दोन्हींत मधमाशी आहेच. नामकरण इंग्लंडात झालं असलं, तरी ही वनस्पती मुळात भूमध्य समुद्राभोवतालची. पोर्तुगाल-मोरोक्कोपासून तुर्कस्तान आणि त्याही पलीकडे, उत्तरेला जर्मनी, नेदरलँड्स, ब्रिटन, आयर्लंडपर्यंत ती पसरली आहे.

जमिनीत उगवणारं ऑर्किड आहे हे, झाडावर वाढणारं नाही. उंची साधारण वीतभर ते हातभर, एका दांड्यावर दोनपासून दहापर्यंत फुलं. चुनखडीची, हलकी, उन्हाची जमीन त्याला लागते. जुन्या ऑलिव्हच्या बागा, रस्त्याच्या कडा, गवताळ उतार, सोडून दिलेल्या खाणी, कधीकधी तर एखाद्या कारखान्याच्या आवारातलं गवतसुद्धा चालतं.

नेहमीचं फूल कसं असतं? आधी तेच नीट माहीत नाही.

सुरुवात इथूनच करायला हवी. साधं फूल डोळ्यांत बसल्याशिवाय वेगळं फूल कळत नाही. माझा आग्रह आहे की पहिल्या वर्षी फक्त साधी फुलं बघा, निदान पन्नास तरी.

बाहेर तीन मोठी निदलं, म्हणजे पाकळीसारखीच दिसणारी बाह्यदलं. रंग गुलाबी, जांभळट किंवा जवळजवळ पांढरा आणि मधोमध हिरवी शीर. त्यांच्या आत वरच्या बाजूला दोन खऱ्या पाकळ्या. त्या अगदी आखूड, केसाळ, हिरवट ते गुलाबी, कडा मुडपलेल्या. तिसरी पाकळी म्हणजे ओठ, आणि सगळा खेळ या ओठाचा. तो तपकिरी, मखमली, फुगीर असतो. दोन्ही बाजूंना केसाळ उंचवटे, वरच्या भागात नारिंगी-तपकिरी ढाल, तिच्याभोवती पिवळसर रेघ आणि खाली बहुधा दोन पिवळे ठिपके.

ओठाच्या टोकाला एक छोटा पिवळा-हिरवा दात असतो. तो मागे, ओठाच्या खाली दुमडलेला असतो, त्यामुळे समोरून दिसत नाही. आणि ओठाच्या वर जो हिरवट स्तंभ असतो, त्याची चोच लांब आणि नागमोडी. बाजूने पाहिलं की थेट बदकाचं डोकं! मागे वळलेला दात आणि बदकाची चोच या दोन गोष्टी लक्षात ठेवा. रंग आणि नक्षी कितीही फसवी निघाली तरी चोच जवळजवळ कधीच दगा देत नाही. दात एका रूपात वेगळा असतो, ते पुढे येईलच.

पण मग एवढे फरक पडतात तरी का?

माझ्या मते या फुलाची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच आहे.

ओफ्रिस गटातली बाकीची ऑर्किडं नर मधमाशांना फसवून परागीभवन करून घेतात. फूल मादीसारखं दिसतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मादीसारखा वास सोडतं. नर फुलावर येऊन मीलनाचा प्रयत्न करतो आणि डोक्याला किंवा पोटाला परागाचे गोळे चिकटवून निघून जातो. अल्जीरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांनी वर्षानुवर्षं निरीक्षण करून १९१६ साली हे प्रसिद्ध केलं. त्यांचं निरीक्षण होतं आरसा ऑर्किड, म्हणजे ओफ्रिस स्पेक्युलम, आणि त्यावर येणाऱ्या एका गांधीलमाशीचं. पुढे १९९९ मध्ये ओफ्रिस स्फेगोडेस, म्हणजे कोळी ऑर्किड, याच्या अभ्यासातून दाखवलं गेलं की त्या फुलाच्या वासातली मुख्य रसायनं आणि अँड्रेना गटातल्या मादी मधमाशीच्या अंगावरची रसायनं एकच आहेत.

बी ऑर्किडने मात्र वेगळी वाट धरली. त्याच्या परागगोळ्यांचे देठ लांब आणि लवचिक असतात. फूल उमलल्यावर लवकरच ते वाळून वाकतात, गोळे बाहेर लोंबतात, वाऱ्याच्या झुळकीने झुलतात आणि त्याच फुलाच्या चिकट कुक्षीला टेकतात. माशी आली नाही तरी बी धरतंच. चार्ल्स डार्विनने १८६२ सालच्या आपल्या ऑर्किडवरच्या ग्रंथात याचा प्रयोग लिहिला आहे. कीटक येऊ नयेत पण वारा लागावा म्हणून एक दांडा त्याने जाळीखाली ठेवला. थोड्याच दिवसांत परागगोळे कुक्षीला चिकटले. दुसरा दांडा घरात निवाऱ्याला पाण्यात ठेवला. त्याचे गोळे नुसतेच लोंबत राहिले. इतर ऑर्किडं परपरागीभवनासाठी केवढी धडपड करतात हे दाखवणाऱ्या ग्रंथात हे फूल उलटं वागत होतं, आणि डार्विनला त्याचं कोडं पडलं होतं.

आता याचा रूपांशी संबंध. स्वपरागीभवन चालू राहिलं की जोडीतल्या दोन प्रती वेगळ्या असलेल्या जनुकांचं प्रमाण दर पिढीला निम्मं होतं: ५० टक्के, मग २५, मग १२.५. एरवी दडून राहिले असते ते गुण उघड्यावर येतात आणि स्थिर होतात. दुसरी गोष्ट, ओठाची नक्षी बिघडली तर इतर ओफ्रिसवर येणारा नर फसणार नाही, बी धरणार नाही आणि ते रूप तिथेच संपेल. बी ऑर्किडला नराची गरजच नाही, म्हणून बिघडलेली नक्षीसुद्धा जशीच्या तशी पुढच्या पिढीत जाते. म्हणूनच एखाद्या उतारावर एकाच विचित्र रूपाची वीस-पंचवीस झाडं सापडतात आणि शेजारच्या उतारावर एकही नाही.

म्हणजे मधमाशा याच्यावर कधीच येत नाहीत?

येतात, पण क्वचित. भूमध्य प्रदेशात लांब मिशांच्या युसेरा मधमाशांचे नर या फुलावर नोंदले गेले आहेत. उत्तरेकडे जवळजवळ सगळा कारभार वाऱ्यावरच.

नाव दिलेली रूपं कोणकोणती, आणि ती कशी ओळखायची?

नावं डझनावारी आहेत आणि त्यातली बरीचशी गरज नसताना दिलेली आहेत असं माझं प्रामाणिक मत आहे. फोटोंमध्ये वारंवार येणारी आणि शिकण्यासारखी तेवढीच सांगते.

सगळ्यात प्रसिद्ध ट्रॉली. इंग्लंडात याला वास्प ऑर्किड, म्हणजे गांधीलमाशी ऑर्किड म्हणतात आणि ग्लॉस्टरशरच्या बाजूला ते फार पूर्वीपासून माहीत आहे. याचा ओठ लांबुडका, अरुंद आणि टोकदार. नक्षी ढालीसारखी नीट नाही, तर पिवळ्या-तपकिरीची पुसट सरमिसळ, ओल्या कागदावर रंग फुटावा तशी. वर सांगितलेला दात इथे मागे दुमडत नाही, ओठाच्या टोकाबरोबर सरळ खाली येतो. नवख्या माणसाला ही वेगळीच प्रजाती वाटते, आणि स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ हेगेट्श्वायलरने ती तशीच नोंदवलीही होती. इथे दात सोडून द्या आणि चोच बघा. ती बदकाचीच आहे.

क्लोरँथा ओळखायला सोपं. निदलं पांढरी आणि ओठ हिरवट पिवळा. तपकिरी-जांभळा रंग देणारं द्रव्य तयारच होत नाही, त्यामुळे सगळं फूल धुऊन काढल्यासारखं दिसतं. एक चूक फार जण करतात: निदलं पांढरी दिसली की लगेच क्लोरँथा म्हणतात. नुसती पांढरी निदलं आणि खाली नेहमीचा तपकिरी ओठ हे अगदी सर्वसाधारण आहे. निर्णय ओठावरून घ्यायचा.

बायकलर नावाप्रमाणे दोनरंगी. ओठाचा वरचा अर्धा भाग फिका, हिरवट-राखट आणि खालचा अर्धा गडद चॉकलेटी. मधली सीमा बरीच स्पष्ट असते आणि ढाल, रेघ, ठिपके यांतलं काहीच दिसत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गुडघे टेकून कितीतरी वेळ तिथेच बसले होते.

बेल्गारम दक्षिण इंग्लंडात नोंदलं गेलं. ओठाचे बाजूचे उंचवटे वेगळे उठून येत नाहीत, ओठ एकसंध गोलसर राहतो आणि त्याच्या मधून एक पिवळसर आडवा पट्टा जातो.

ऑरिटामध्ये ओठ नेहमीचाच, पण वरच्या दोन पाकळ्या लांब आणि अरुंद, कानासारख्या उभ्या. फ्रायबुर्गेन्सिस या रूपाचं नाव फ्रायबुर्ग शहरावरून आलं आहे. त्यात त्याच दोन पाकळ्या मोठ्या, पसरट आणि गुलाबी होतात, थेट निदलांसारख्या. समोरून पाहिलं तर तीनऐवजी पाच गुलाबी निदलं असल्याचा भास होतो. बोटेरोनी याचंच भावंड, पण त्यात ओठाचा आकार आणि नक्षीही विस्कटलेली असते. या दोघांमधली सीमा धूसर आहे. फोटोवरून ठामपणे एकाचं नाव सांगणाऱ्याच्या बोलण्यावर मी सहसा विसंबत नाही.

माझ्या फुलाचा दात पुढे वळलेला दिसतोय. हे कोणतं रूप?

बहुधा बी ऑर्किडच नाही. ही चूक मी स्वतः दोन वसंत केली. माँपेलिएच्या माळावर एप्रिलमध्ये ओफ्रिस स्कोलोपॅक्स भरपूर फुलतं. फ्रेंच लोक त्याला बेकास म्हणतात, ते एका लांब चोचीच्या पक्ष्याचं नाव आहे. गुलाबी निदलं, तपकिरी ओठ, बाजूला उंचवटे, सगळं तसंच. मी फोटो समोरूनच काढत होते आणि माझ्या वहीत 'बी ऑर्किड, नक्षी वेगळी' अशा पानंच्या पानं नोंदी होत होत्या. एका म्हाताऱ्या शेजारीणबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर त्याच माळावर शेळ्या चारल्या, फूल हलकेच बाजूला वळवून दाखवलं: दात ठळक, पुढे आणि वर वळलेला. बाजूचे उंचवटे शिंगांसारखे टोकदार. स्तंभाची चोच आखूड. परागगोळे आपल्या जागी गप्प, लोंबत नाहीत. त्या वहीतल्या सगळ्या नोंदी मी खोडून पुन्हा लिहिल्या.

ओफ्रिस होलोसेरिका या दुसऱ्या नातेवाइकाचाही असाच घोळ होतो. त्याचा ओठ खाली रुंद होत जातो आणि दात चांगला मोठा, पुढे वळलेला असतो.

एकाच दांड्यावर दोन तऱ्हेची फुलं आहेत. असं होतं का?

होतं. आधी वय बघा. खालचं फूल सगळ्यात जुनं असतं. त्याची निदलं उन्हाने पांढरी पडतात आणि ओठाचा रंग विटतो. कळी असताना थंडीचा कडाका लागला तर ओठ वेडावाकडा उमलतो. काही फुलं तर सरळ विकृत असतात: दोन ओठ, किंवा ओठाच्या जागी चौथं निदल. ही त्या एका फुलाची किंवा त्या एका वर्षाची गोष्ट असू शकते. त्याच झाडावरच्या सगळ्या फुलांत, आणि पुढच्या वर्षीही, तेच दिसलं तरच त्याला रूप म्हणावं.

ही रूपं म्हणजे वेगळ्या प्रजाती, की नुसती नावं?

या एका प्रश्नावर ऑर्किडवाले लोक दोनशे सत्तर वर्षं भांडत आहेत. १७५३ मध्ये लिनेयसने माशी, मधमाशी, कोळी अशा सगळ्या ओफ्रिसना ओफ्रिस इन्सेक्टिफेरा या एकाच प्रजातीत घातलं आणि बाकीच्यांना तिचे प्रकार म्हटलं. पुढे रिव्हिएरावरच्या माँतों गावी प्रकृतीसाठी राहिलेल्या जॉन ट्रहर्न मॉग्रिज या तरुण निसर्गअभ्यासकाने तिथली असंख्य फुलं पाहून, त्यांची चित्रं काढून, या वेगवेगळ्या प्रजाती म्हणजे एकाच साखळीच्या कड्या आहेत असं मांडलं. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. फार लहान वयात, १८७४ मध्ये, तो तिथेच वारला.

आजही ओफ्रिस गटात एका बाजूचे लोक साडेतीनशेहून जास्त प्रजाती मोजतात. २००७ सालच्या एका ग्रंथात १९ मानल्या आहेत, तर जनुकीय अभ्यास करणाऱ्या काहींच्या मते स्पष्ट वेगळे गट नऊच. एवढी तफावत असली तरी बी ऑर्किड ही एक वेगळी प्रजाती आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. ट्रॉली, बायकलर वगैरे तिच्या पोटातली रूपं. ती वेगळी वाढत नाहीत, साध्या झाडांमध्येच उगवतात, आणि त्यांच्यामधले दुवेही सापडतात. म्हणून नाव वापरा, पण वर्णनाची सोय म्हणून.

हा संकर असू शकेल का?

शक्य आहे, पण शक्यता फार कमी. स्वतःचेच पराग आधी लागत असल्यामुळे बी ऑर्किडचे संकर दुर्मीळ असतात. माशी ऑर्किडबरोबरचा संकर ब्रिटनमध्ये नोंदलेला आहे, होलोसेरिकाबरोबरचा युरोपच्या मुख्य भूमीवर. संकर म्हणण्याआधी दोन्ही पालक आसपास आहेत का ते बघा, आणि चोच मधल्याच लांबीची आहे का तेही.

मोबाइलवरचं अ‍ॅप नाव सांगतं. ते धरून चालू का?

ओफ्रिस आहे इथपर्यंत चालेल. रूपासाठी नाही.

ओळख पटवायला फोटो कसे पाठवावेत?

समोरून एक, हे सगळेच पाठवतात. त्याच फुलाचा अगदी बाजूने एक हवा, ज्यात स्तंभाची चोच आणि परागगोळे दिसतील. एक खालून, दात कुठे वळला आहे ते कळण्यासाठी. मग पूर्ण झाड पानांसकट, आणि आजूबाजूच्या चार-पाच झाडांचा एक एकत्र. शेजारची झाडं साधी आहेत की तशीच विचित्र, यावरून अर्धं उत्तर मिळतं. फुलाजवळ एखादं नाणं धरलंत तर आकार कळतो. कडक उन्हात रंग खोटा येतो, म्हणून आपल्या अंगाची सावली फुलावर घ्या. तारीख, उतार कोणत्या दिशेला आहे, जमीन कशी आहे, हे दोन ओळींत लिहा. गावाचं नाव पुरे. नेमकी जागा नकाशावर टाकून सगळ्यांना पाठवू नका, कारण खणून नेणारी माणसं अशा खुणाच शोधत असतात.

आणि कृपा करून गुडघे टेकण्याआधी जमिनीकडे बघा. न फुललेल्या झाडांची पानं जमिनीला चिकटून असतात आणि एका फोटोपायी चार झाडं चिरडलेली मी पाहिली आहेत.

कुठे, कधी जावं?

क्रीट, सायप्रस, सिसिली, पोर्तुगालचा अल्गार्व्ह भाग इथे एप्रिल आणि मेची सुरुवात. आमच्याकडे मे. ब्रिटनमध्ये जून-जुलै. ओफ्रिस गटात हे उशिरा फुलणारं आहे, त्यामुळे मार्चमध्ये पाठवलेला 'बी ऑर्किड'चा फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा निघतो.

एक कंद भारतात आणून कुंडीत लावला तर?

नका आणू. ऑर्किडचं सगळं कुळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतं, परवान्याशिवाय सीमेपार नेणं गुन्हा आहे. अनेक देशांत उपटणंही गुन्हा आहे. शिवाय ते जगणार नाही. धुळीसारख्या बारीक बीमध्ये अन्नसाठा नसतो, ते रुजतं ते जमिनीतल्या ठरावीक बुरशीच्या आधाराने. मोठं झाल्यावरही ते नातं पूर्ण सुटत नाही.

आपल्याकडच्या लोकांना ऑर्किडचे असे कंद एका वेगळ्या नावाने माहीत आहेत: सालममिश्री. काष्ठौषधींच्या दुकानात शक्तिवर्धक म्हणून मिळणाऱ्या या नावात अरबी 'सालब' आणि 'मिसरी', म्हणजे इजिप्तचा, हे दोन शब्द दडलेले आहेत. तुर्कस्तानात ऑर्किडच्या कंदांचं पीठ करून सालेप नावाचं गरम पेय आणि आइस्क्रीम बनवतात. खणणारे ऑर्किस या दुसऱ्या गटाबरोबर ओफ्रिसचेही कंद काढतात, आणि एक किलो पिठाला हजाराहून जास्त कंद लागतात. प्रत्येक कंद म्हणजे एक झाड.

महाराष्ट्रात हे सापडतं का?

नाही. ओफ्रिस भारतात कुठेच उगवत नाही. पण कास पठारावर पावसाळ्यात फुलणाऱ्या आमरी, म्हणजे आपल्याकडची जमिनीवरची ऑर्किडं, पाहिल्या असतील, तर या झाडाचं जगणं तुम्हाला लगेच कळेल. आमरी पावसात वर येते आणि कोरड्या महिन्यांत कंदात झोपते. बी ऑर्किडचंही तेच, फक्त भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून त्याची झोप उन्हाळ्यात. साताऱ्यात शिकलेली एक सवय मला इथे जशीच्या तशी कामी आली: फूल नसताना पान ओळखायचं.

गेल्या वर्षी जिथे बायकलर होतं, तिथे यंदा काहीच नाही. कुणी नेलं का?

आधी खड्डा दिसतो का बघा. नसेल तर धीर धरा. प्रत्येक झाड दरवर्षी जुन्या कंदाशेजारी नवा कंद तयार करतं, आणि फुलण्यात फार ताकद गेली तर पुढच्या वर्षी नुसती पानं काढतं. इंग्लंडमधल्या दीर्घकाळच्या नोंदींत काही झाडं जमिनीवर अजिबात न येता पूर्ण वर्ष कंदातच राहिलेली आढळली आहेत. मेपर्यंत थांबू नका, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच जागी जा. पहिल्या पावसानंतर राखट-हिरव्या पानांची चकती जमिनीला घट्ट चिकटून आलेली असते, टोकं बऱ्याचदा थोडी वाळकी. चकत्या मोजा, वहीत लिहा, आणि मेमध्ये पुन्हा जा.